फुगवट्यावर सोडलेली घोडी

शेवगावात लग्न निघालं की वरातीला सूर्यभान बोरुडेची पांढरी घोडी, हे सोळा वर्षं ठरून गेलं होतं. तिचं नाव शेवंती. एका कानाला खाच, ती तिची खूण. बँडचा कितीही दणका उडो, पायाजवळ फटाके फुटोत, तिनं कधी नवरदेवाला हिसका दिला नाही. आता सूर्यभानच्या दारात दुसरी तरणी घोडी आली होती, आणि तेवीस वर्षांची शेवंती मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. उभी कसली! पुढचे पाय लांब टाकून, सगळा भार मागं घेऊन, थरथरत तोल सांभाळत होती.

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर सत्यशीला मॅडमनी दोनदा येऊन तिचे पाय तपासले. दुसऱ्या वेळी त्यांनी सूर्यभानला बाजूला घेतलं.

"खुराच्या आतलं हाड फिरलंय, बोरुडे. तळव्यातून बाहेर यायला लागलंय. ते आता जागेवर जायचं नाही. नुसतं उभं राहायचं म्हटलं तरी निखाऱ्यावर पाय ठेवल्यासारखं होत असेल तिला."

"औषध?"

"दुखणं जरा कमी होईल, बरी होणार नाही. म्हाताऱ्या घोड्यांना सांभाळणारी एक संस्था आहे, तिथं मी फोन केला. जागा नाही म्हणाले. मी तिला कायमचं झोपवू शकते. आधी गुंगीचं इंजेक्शन, मग दुसरं. इथंच, तुम्ही जवळ असताना. तिला कळणारही नाही."

सूर्यभान दोन पावलं मागं सरला. दारात उभ्या त्याच्या बायकोनं, बनुबाईनं, तोंडाला पदर लावला.

"मॅडम, तुमी डॉक्टर हाय का कोन?" सूर्यभान म्हणाला. "जिच्या जिवावर माझी लेकरं शिकली, तिला मारू म्हन्ता? असलं बोलनं पुन्हा माझ्या दारात नको."

मॅडमनी बॅग उचलली. "विचार करा," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या.

दोन दिवसांनी अंगद आला. घोड्यांची खरेदी-विक्री करत बाजारोबाजार फिरणारा हा माणूस सूर्यभानच्या ओळखीचा होता. चहा पिता पिता म्हणाला, "काका, म्हातारी घोडी मला देऊन टाका."

"तू काय करनार तिचं?"

"ते इचारू नका."

सूर्यभाननं विचारलंच. तेव्हा अंगदनं कांद्याच्या भावावर बोलावं तितक्या सहज सांगितलं, "टेम्पोत घालून राज्याच्या भायेर न्यायची. तिथं कापत्यात. चोरूनच चालतं, पन चालतं."

सूर्यभाननं कप खाली ठेवला. "आन् मागं तुला दिलेला तांबडा कुम्मैत घोडा? तू तर म्हनला हुता, मळ्यावर ठेवनार हाय कुनीतरी."

"काका, पाय लंगडा झालेला घोडा कोन ठेवतंय मळ्यावर?" अंगद खाली बघत म्हणाला. "त्योबी तिकडंच गेला."

सूर्यभानला पुढचं काही ऐकू आलं नाही. त्या घोड्याला निरोप देताना त्यानं त्याला गूळ चारला होता. बनुबाईनं हळदकुंकू लावलं होतं. अंगद कधी उठून गेला तेही त्याला समजलं नाही.

शेवटी बनुबाईनंच तोड काढली. "कापायला द्यायची न्हाई, सुई टोचून मारायची न्हाई. मग तिला धरणाच्या फुगवट्यावर, पानी पसरतं तितल्या माळावर सोडू. पानी हाय, गवत हाय. जितके दिस हायत तितके सुखानं काढंल. पुढं देव बघून घेईल."

दोघांच्याही मनावरचा धोंडा उतरला. सकाळी टेम्पो सांगितला. फळी लावून शेवंतीला उतरवायला अर्धा तास लागला, पण खाली हिरवं गवत बघून तिनं लगेच तोंड खाली घातलं. परतताना सूर्यभानला आरशात ती चरताना दिसली. आपल्या हातून पाप घडलं नाही, असं वाटून त्याचे डोळे भरून आले.

बाराव्या दिवशी तो तरण्या घोडीला घेऊन एका वरातीत असताना मोबाईल वाजला.

"मी लंकाबाई बोलते. दोन सालामागं माझ्या पोराच्या, कल्याणच्या लग्नाला तुमची घोडी आन्ली हुती. कानाला खाच असलेली, तीच ना?"

"व्हय, तीच."

"ती हितं आमच्या रानाच्या कडंला गाळात रुतलीय. तुमी या. लगीच या."

"जिती हाय का?"

"हाय," लंकाबाई म्हणाली. "तेच तर."

सूर्यभाननं घोडी दुसऱ्याच्या हाती दिली आणि मोटरसायकलला किक मारली. वाटेत त्यानं सत्यशीला मॅडमना फोन केला. जागा ऐकून घेतल्यावर मॅडमनी एकच शब्द उच्चारला, "निघाले."

धरणाचं पाणी उन्हाळ्यानं पार आत सरकलं होतं. जिथून सरकलं तिथं गाळ उघडा पडला होता. वरून भेगाळलेला, वाळलेला, आणि खाली लोण्यासारखा मऊ. पाण्याच्या आशेनं निघालेली शेवंती त्यात पोटापर्यंत रुतली होती. पाठीवर कावळा बसला होता. सूर्यभान ओरडत गेला तरी तो उडाला नाही, नुसता दोन पावलं सरकला. घोडीचा एक डोळा उरलाच नव्हता. मागच्या बाजूला कुत्र्यांनी लचके तोडले होते. आणि एवढं होऊन ती श्वास घेत होती.

कुणीतरी विव्हळतंय असं त्याला वाटलं. तो आवाज त्याचा स्वतःचाच होता.

लंकाबाईनं गाळावर घरची फळकुटं आणि एक बाज टाकून वाट केली होती. "तीन दिस झाले. आमी दोर लावून वढली, तर मागचा पाय मोडला. मग हात लावायची हिंमत हुईना. सून कावळे हाकलत बसायची, पन ह्या उन्हात किती बसंल? आज तिच्या डोक्यावरला चिखल पुसला, तवा कान दिसला न् वळखली." ती रागानं लाल झाली होती. "कोन मेल्यानं सोडली हो हिला अशी?"

"मी," सूर्यभान म्हणाला.

लंकाबाई त्याच्याकडं वळली.

"मीच सोडली. कापायला द्यायची नव्हती, न् डॉक्टरच्या सुईनं मारायची नव्हती. म्हनून सोडली."

तो बाजेवरून रांगत पुढं गेला. "शेवंते," म्हणाला. तिचा खाच पडलेला कान त्याच्याकडं वळला. त्यानं तिचं डोकं उचलून मांडीवर घेतलं आणि उपरण्यानं उरलेल्या डोळ्यावरच्या माश्या वारू लागला.

मॅडम आल्या. चप्पल काढून, सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून त्या फळकुटांवरून आल्या. घोडीच्या हिरड्या पाहिल्या, छातीला नळी लावली.

"जेसीबीनं काढता येईल?" सूर्यभाननं विचारलं, पण उत्तर त्यालाही ठाऊक होतं.

"बाहेर काढताना फार हाल होतील. वाचणार नाही ती."

"मग झोपवा तिला, मॅडम."

पहिल्या सुईनंतर शेवंतीचा खालचा ओठ सैल सुटला, डोकं मांडीवर जड झालं. इतके दिवस न थांबलेली थरथर थांबली. दुसरी सुई मानेच्या शिरेत गेली. मॅडम बराच वेळ नळी छातीला लावून बसल्या.

"झालं," त्या म्हणाल्या.

"येवढंच?"

"एवढंच."

सूर्यभान त्यांच्याकडं बघत राहिला. शेडमध्ये, कडब्यावर, ओंजळीतला गूळ चाटता चाटता हेच झालं असतं. मॅडम त्याला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं.

संध्याकाळी जेसीबीनं घोडीला वर काढून उंचवट्यावर खोल पुरलं. घरी आल्यावर बनुबाईनं विचारलं तेव्हा त्यानं काही लपवलं नाही, कावळ्यासकट सगळं सांगितलं. "देव बघून घेईल असं मीच म्हनले हुते," एवढंच ती पुटपुटली. दोघांनी चार दिवस धड एकमेकांकडं पाहिलं नाही.

महिन्यानं राहात्याहून आप्पासाहेबांचा फोन आला. जुना टांगेवाला, सूर्यभानचा दोस्त. "सूर्यभान, तू घोडी सोडली ती जागा लई चांगली हाय म्हनं? माझा घोडा खाईना झालाय. नुसता सापळा उरला. आनून सोडावं म्हन्तो."

"घोड्याला हात लावू नको," सूर्यभान एवढ्या जोरात ओरडला की बनुबाई बाहेर धावली. "मी येतोय."

पहिल्या एसटीनं तो राहात्याला गेला. आप्पासाहेबांच्या ओट्यावर बसून त्यानं सगळं सांगितलं. आप्पासाहेब मधेच उठून आत गेले आणि पाणी पिऊन आले. दुपारी दोघांनी घोड्याला दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं जबडा उघडून बॅटरी मारली आणि म्हणाला, "म्हातारपण नाही हे. दाढांना टोकं आलीत. चावलं की गाल कापला जातोय."

अर्धा तास लांब कानशीनं दाढा घासल्या. गुंगी उतरल्यावर घोड्यानं भिजवलेल्या भरड्याचं घमेलं चाटूनपुसून साफ केलं.

"आता किती वर्सं जगंल?" आप्पासाहेबांनी विचारलं. चेहरा उजळला होता.

"नीट सांभाळलंत तर चार-पाच."

"लई झाली. पुढचं पुढं बघू."

"पुढं न्हाई," सूर्यभान म्हणाला. "आत्ताच ठरव, आप्पा. चालता येईना झाल्यावर काय करायचं ते आत्ताच, ह्यो खात असताना ठरव."

आप्पासाहेबांनी घोड्याच्या मानेवरून हात फिरवला. मग त्यांनी खिशातून मोबाईल काढला आणि डॉक्टरला म्हणाले, "साहेब, तुमचा नंबर सांगा."