चष्मेवाल्यांच्या घरचं शेवाळ

मी शेवाळ बोलतोय. लगेच नाक मुरडू नका. पाण्याच्या टाकीत जे माजतं, ज्यावरून पाय घसरतात, ते मी नव्हे. त्याच्यापायी माझं नाव खराब झालंय. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

मी जंगलातला. एका जुन्या झाडाच्या बुंध्याशी, सावलीत, कुजक्या सालीवर वाढलो. मला धड मुळं नाहीत, फुलं तर नाहीतच. ओळखायची खूण म्हणाल तर माझी केसासारखी बारीक पानं सगळी एकाच बाजूला वळलेली असतात, शाळेत पाठवताना आईनं भांग पाडून द्यावा तशी.

ही खूण ठाऊक असलेली बाई मला नंतर भेटली. आधी भेटले तिचे यजमान. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. ती सुट्टी मिळाली की जंगलात भटकायची, हे दुकानात बसायचे. मग तिला असं दुखणं जडलं की पलंगावरून उठणंच सुटलं. खायला काय हवं, प्यायला काय हवं, असं विचारलं तर तिचं एकच उत्तर, "जंगल बघायचंय." तिला तिथवर नेणं शक्य नव्हतं, म्हणून हे जंगलच घरी आणायला निघाले. काय आणू विचारलं, तर तिनं माझ्या जातीचं शेवाळ मागितलं. पहिल्या खेपेला त्यांनी टाकीतल्यासारखं चिकट शेवाळ नेलं. दुसऱ्या खेपेला माझ्या शेजारचं, वरून चांदण्यांसारखं दिसणारं.

"अहो, लोकांना नंबर काढून देता ना तुम्ही?" ती म्हणाली म्हणे. "भांग बघा. एकीकडे पाडलेला पाहिजे."

तिसऱ्या खेपेला त्यांनी जमिनीवर ओणवं होऊन, भिंग लावून मला शोधलं आणि सालीसकट उचललं. मला कुणी विचारलं नाही. झाड मागे राहिलं आणि माझा जीव तिथेच अडकला.

घरी पत्र्याच्या पसरट ट्रेमध्ये मला तिच्या उशाशी ठेवलं. यजमानांची बहीण कपाळाला हात लावून म्हणाली, "दादा, लोक शेवाळ खरवडून काढतात, आणि तू घरात लावतोस? वहिनी, तुम्ही तरी सांगा!"

वहिनी मला बोटांनी चाचपत होती. तिचं लक्षच नव्हतं.

सुरुवातीला यजमानांनी मला प्रेमानं मारायचंच बाकी ठेवलं. खत घातलं, मी पिवळा पडलो. नळाचं पाणी घातलं, शेंडे करपले. मग ती पडल्या पडल्या शिकवायची. "खत नको. पावसाचं साठवलेलं पाणी शिंपडा, ओतू नका. आणि रोज सकाळी तळव्यानं हलकं दाबा, म्हणजे खालची साल धरेल." ते तसं करू लागले. मी सावरलो, पसरलो. पण झाडाची सावली आठवली की कोमेजायला व्हायचं. तीही खिडकीबाहेर बघत राहायची. खिडकीत समोरच्या इमारतीची भिंत होती, अन् भिंतीच्या वर हातभर आकाश.

तिला मान उचलणं जड जाऊ लागलं तेव्हा यजमानांनी एक युक्ती केली. दुकानातलं मोठं भिंग स्टँडवर बसवून माझ्यावर धरलं, म्हणजे तिला आडवं पडून माझं पान न् पान दिसावं. जन्मभर भिंगं विकली, पण दुपारी खिडकीतून घटकाभर ऊन येतं हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही. ते दुकानातून परतले तर माझ्या अंगावर काळा डाग, आणि खोलीभर जळका वास.

ते तसेच खाली बसले. माझी जळकी पानं एकेक करून वेचू लागले.

"अहो," ती हळूच म्हणाली, "शेवाळ जळलंय. मी नाही."

त्यावर तो शहाणा माणूस लहान पोरासारखा रडला. त्यांनी मनात नवस केल्यासारखं धरलं होतं की हे हिरवं राहिलं तर ही उठेल. तिला ते केव्हाच कळलं होतं.

पुढे माझ्यातून बारीक देठ वर आले, टोकांना टोप्या घातलेली बोंडं लागली. तिनं ती भिंगातून खूप वेळ पाहिली.

"याची पोरं आता वाऱ्यावर निघतील," ती म्हणाली. "खोलीत कुठला वारा? परत नेऊन ठेवा त्याला."

"आणि तू?"

"मला तिथलं येऊन सांगा. काही गाळू नका."

त्यांना ते मुळीच पटलं नव्हतं. तरी त्यांनी मला नेलं. झाडाच्या बुंध्याशी ठेवून तळव्यानं दाबलं. आणि मग आयुष्यात पहिल्यांदा ते जंगल बघत बसले. साल कुठे ओली आहे, मुंग्या कुठून चालल्यात, ऊन किती खाली उतरलंय, सगळं पुटपुटत, घोकत. घरी जाऊन सांगायचं होतं ना! पुढेही ते येत राहिले.

मी माझ्या घरी, झाडापाशी आलो होतो, तरी मला करमेना. त्या खोलीतली तिची बोटं आठवायची.

मध्यंतरी ते बरेच दिवस आले नाहीत. आले तेव्हा खूप वाळले होते. नेहमीसारखं सगळं पाहिलं, ओठांतल्या ओठांत घोकलं, कपडे झटकून उठले आणि लगबगीनं वाटेला लागले. थोडं जाऊन एकदम थांबले. घरी आता ऐकायला कुणी नव्हतं.

ते परत फिरले, माझ्याशेजारी बसले आणि घोकलेलं सगळं मलाच सांगितलं. "बोंडं फुटली बरं का," ते म्हणाले. "पोरं गेली वाऱ्यावर."

मला हुंकार देता येत नाही. तेवढं एक माझ्यासाठी करा. ते तुम्हाला भेटले तर थोडं थांबून त्यांचं ऐकून घ्या. आणि मधून मधून 'हं' म्हणा.