नदीच्या वरच्या अंगाला

वैशाख तापला होता. ताम्रवर्णी, तप्तनिःश्वासी, निष्ठुर वैशाख. डोंगराच्या पायथ्याशी आकसलेली कुंदा नदी डोहाडोहांतून कसाबसा श्वास घेत होती, आणि मधली वाळू उन्हात पांढरीफटक पडली होती.

त्या वाळूतून कऱ्हाडच्या शाळेतली मुलं चालली होती. नदीची ओळख करून घ्यायचं उन्हाळी शिबिर. संगमाकडून उगमाकडे, रोज थोडं थोडं. मुलं पाण्याचं तापमान घेत, खंड्या पक्षी मोजत, एकमेकांना ओलंचिंब करत. पाटणकर सरांचा घसा ओरडून ओरडून केव्हाच बसला होता.

शलाकाला खंड्यांशी काही कर्तव्य नव्हतं. ती पंधरा वर्षांची पोर आली होती एका ओढीनं. नदीच्या वरच्या अंगाला, जांभळवाडीत, तिच्या आईचं माहेर होतं. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. घरी बाबा तिचा विषय काढत नसत. आजी-आजोबा फार पूर्वीच गेलेले, मामा सुरतेला. आईला ओळखणाऱ्या एका तरी माणसाच्या तोंडून तिचं नाव ऐकावं, एवढंच शलाकाला हवं होतं, आणि ते फार हवं होतं.

आज जांभळवाडी आली. शिबिराचा शेवटचा दिवस. सकाळपासून ती पारावर, गिरणीत, अंगणाअंगणात आईचं नाव घेऊन विचारत हिंडली. अनुराधा ठाऊक आहे का, इथलीच, अनुराधा? माना हलत राहिल्या. आडनाव सांगून उपयोग नव्हता, सगळ्या वाडीचं आडनाव एकच. आजोबांचं नाव तिला कधी कुणी सांगितलं नव्हतं, आणि मामा तिच्यासाठी नुसता मामा. जिच्या पाण्यानं आई वाढली, त्या नीलसलिला नदीच्या काठी आईची खूणही उरू नये? पोरीचा जीव कासावीस झाला.

ऊन कलताना ती पात्रात येऊन बसली. तिथं कोंडाबाई नावाची म्हातारी वाळूत झिरा उकरत होती. वाळू उपसायची, पाणी पाझरायची वाट पाहायची, पहिलं गढूळ पाणी फेकायचं, पुन्हा वाट पाहायची. शलाकाही नकळत वाळू उपसू लागली, आणि उपसता उपसता आईचं माहेर शोधत हिंडल्याचं सांगून बसली; आई गेल्याचं तेवढं राहून गेलं.

म्हातारीनं नावाकडे लक्षच दिलं नाही. "दिली कुठं हुती तिला?" तिनं विचारलं.

"कऱ्हाडला. मोहित्यांकडं."

म्हातारीचे हात थांबले. "आगं, मग ती आमची शालन. अनुराधा नाव सासरचं."

लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीनं नवं नाव लिहितात, आणि जुनं नाव माहेरीच राहतं. शलाका सासरचं नाव घेऊन माहेरात दारोदार फिरली होती, वेडी पोर.

शालन. तिनं ते नाव मनात म्हटलं, मग ओठांत, मग वाऱ्यावर. शालन, शालन. दोन वर्षं अडलेलं रडू डोळ्यांत आलं, पण ते गोड होतं.

म्हातारी बोलतच सुटली. शालन दरडीवरून डोहात सूर मारायची, पोरांना हरवायची, ओल्या केसांनीच शाळेत जायची. मग सहज, पाणी भरता भरता, तिनं विचारलं, "बरी हाय न्हवं? लई वर्सं झाली, फिरकलीच न्हाई."

खरं उत्तर शलाकाच्या ओठांशी आलं होतं. पण साऱ्या जगात ही एकच जागा होती, ही वाळू, हे म्हातारे डोळे, जिथं आई अजून जिवंत होती. तिला इथं कसं मारायचं?

"बरी आहे," ती म्हणाली.

कोंडाबाई समाधानानं हसली. ओच्यातली करवंदं तिनं पळसाच्या द्रोणात ओतली. "तिला दे. म्हणावं, ये एकदा."

"सांगते, आजी."

सरांची शिट्टी झाली. मंदारुण, मृदुल, मौन सांज पात्रात उतरली. पुढं मुलं, मागं शलाका, दोन्ही हातांत द्रोण. करवंदांचा काळसर रस पानातून झिरपत होता, तळव्यांवर, मनगटांवर, हळूहळू. तिनं एकही तोंडात टाकलं नाही. ती करवंदं तिच्या आईची होती.