पत्र्याखालची दुपार

मे महिन्यात इंदुरात घर शोधणाऱ्याने आधी आपली पायरी ओळखावी. लग्नाची वऱ्हाडं, बदलीवाले, कोचिंगला आलेली पोरं आणि त्यांच्या आया, सगळे एकदमच उतरतात, आणि एरवी चावी घेऊन मागे लागणारे घरमालक या दिवसांत भाडेकरूची मुलाखत घेतात. सॉफ्टवेअर कंपनीत ॲडमिन मॅनेजर असलेल्या अच्युतला दर उन्हाळ्यात नेमकी याच वेळी नव्या भरतीतल्या मुलामुलींच्या राहण्याची सोय लावायची असे. तो ती चोख लावी. एकाही घरमालकाची कधी तक्रार आली नव्हती, म्हणून कंपनीने त्याला काचेचं स्मृतिचिन्हही दिलं होतं.

त्या सकाळी दलाल देवेंद्र त्याच्यासमोर बसून पोह्यांवर जिरावन मसाला भुरभुरत होता.

"भिया, फ्लॅट तो मिल जायेंगे. पन मालक लोग पूछ रिये हैं, बच्चे कैसे घर के हैं?"

"ज्यांच्याबद्दल ते विचारतील, त्यांना मी पाठवणारच नाही," अच्युत म्हणाला. "टेन्शन मत लो."

"येई तो बात है आपकी! दूसरे कंपनीवाले फोकट बहस करते हैं."

अच्युत बहस करत नसे. आडनाव वाचून घरमालकाच्या कपाळावर आठी पडेलसं वाटलं, की ते नाव तो स्वतःच बाजूला काढी. ही बाजूला काढलेली मंडळी परदेशीपुऱ्यात एका पॅकिंगच्या कारखान्यावरच्या पत्र्याच्या खोल्यांत जात. त्या खोल्यांना तो 'ॲनेक्स' म्हणे. उगाच कोणाचा दारात अपमान व्हायला नको, एवढाच त्याचा हेतू. चौदा एप्रिलला कंपनीच्या कार्यक्रमात समतेवर भाषण त्यानेच केलं होतं, आणि ते चांगलं झालं होतं. त्याचं स्वतःचं आडनाव असं होतं, की ते सांगितल्यावर लोक खुर्ची पुढे करत.

या खेपेला ॲनेक्समध्ये बुरहानपूरची निवेदिता तायडे आणि बालाघाटची निधी खोब्रागडे गेल्या. दोघी रात्रपाळीच्या. म्हणजे झोप दिवसा, पत्र्याखाली.

आठवडा झाला नसेल, निवेदिता त्याच्या केबिनमध्ये आली. डोळे सुजलेले, ओठ सुकलेले.

"सर, रूम बदलून मिळेल का? दुपारी पत्रा नुसता भाजतो. पंखा पण गरम हवाच फेकतो. कूलर लावू म्हटलं तर मालक म्हणतात, लोड झेपणार नाही."

"जूनमध्ये बघू ना, बेटा. आत्ता पीक सीझन आहे. थोडं ॲडजस्ट करा."

"विजयनगरच्या फ्लॅटमध्ये एक बेड रिकामा आहे, सर. तिथल्या मुलीच म्हणतात, ये."

अच्युत चष्मा पुसू लागला. "तिथं मालकांचा जरा प्रॉब्लेम आहे. किचनचा."

"मी अंडंसुद्धा खात नाही, सर."

अच्युतने तिच्यासाठी चहा मागवला. बाहेर त्रेचाळीस डिग्री होतं. तिने तो पिऊन टाकला.

रात्री जेवताना त्याने घरी सहज विषय काढला. घर बडा गणपतीजवळ, दुमजली. वरचा मजला भाडेकरूची बदली झाल्यापासून रिकामा होता, खिडकीत कूलर बसवलेला.

"अहो, मग त्या दोघींना इकडेच आणा ना," त्याची बायको सुहासिनी म्हणाली. "वरचं नुसतं पडलंय. रौनक येईल जरा घरात."

"मुली कुठल्या?" ताटावरची नजर न काढता अच्युतच्या वडिलांनी, दत्तोपंतांनी विचारलं.

"एक बुरहानपूरची, दुसरी बालाघाटची."

"गाव नाही विचारलं मी."

अच्युतने वरण वाढून घेतलं. विषय संपला. त्या घरात यापेक्षा मोठ्या आवाजात जातिभेद कधी झाला नव्हता.

मे सरता सरता एका दुपारी निधी पाण्याची बाटली भरायला खाली गेली. परत येऊन बघते तो निवेदिता भलतंच काही बडबडत होती. अंग तव्यासारखं तापलेलं, आणि घामाचा थेंब नाही. निधीने कारखान्यातल्या बायकांना हाका मारल्या, ओल्या चादरीत गुंडाळून तिला रिक्षात घातलं. दवाखान्यात पोचेतो तिची शुद्ध हरपली होती. संध्याकाळी ती गेली. डॉक्टरांनी उष्माघात म्हटलं. कंपनीने आपल्या शोकसंदेशात निसर्गापुढे माणूस किती हतबल असतो, हे सांगितलं.

तिचे वडील बुरहानपूरच्या केळीमंडीत हमाल होते. सामान न्यायला आले तेव्हा ते पत्र्याला हात लावून बराच वेळ उभे राहिले.

"कंपनीची खोली म्हटल्यावर आम्ही निश्चिंत होतो, साहेब," ते म्हणाले. "म्हटलं, कंपनी काही आडनाव बघून खोली देत नसेल."

अच्युतने मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे त्याचं त्यालाही कळलं नाही.

दुसऱ्याच दिवशी भर दुपारी त्याने निधीची बॅग उचलली आणि कोणाला न विचारता तिला घरी आणलं. दत्तोपंत पुढच्या खोलीतच बसले होते.

"ये, ये. नाव काय तुझं, पोरी? पूर्ण सांग."

"आपल्यातलीच आहे, बाबा," अच्युत म्हणून गेला. इतक्या वर्षांच्या सरावाने शब्द आपसूक बाहेर पडले.

निधी उंबऱ्याबाहेरच थबकली.

"नाही, आजोबा. मी निधी खोब्रागडे. पत्र्याखाली जी मेली ना, तिच्याच खोलीतली. आता सांगा, आत येऊ?"

दत्तोपंत काही दुष्ट माणूस नव्हते. क्षणभर त्यांनी अच्युतकडे पाहिलं, मग बाहेरच्या रस्त्याकडे.

"ऊन फार आहे," ते म्हणाले. "पाणी पिऊन जा."

सुहासिनी तांब्या घेऊन बाहेर येईपर्यंत निधी पायऱ्या उतरली होती.

"बॅग द्या, सर. मी ऑफिसला चाललेय. निवेदिताला तीच खोली का मिळाली, हे सगळ्यांसमोर विचारणार आहे. कोणी ना कोणी सांगेलच."

बॅग अच्युतच्या हातातच राहिली.

"अच्युत, आत ये रे," मागून दत्तोपंतांची काळजीची हाक आली. "ऊन लागेल तुला."

"ती खोली मी दिली होती, बाबा," अच्युत म्हणाला. "आडनाव बघून. दर वर्षी देतो." त्याचा आवाज एवढा मोठा होता की शेजारच्या दुकानदाराने मान वर केली. "आता हेच तिथं जाऊन सांगतो."

त्याने पायांत चपला सरकवल्या आणि बॅग घेऊन तो उन्हात उतरला. निधी बरीच पुढे गेली होती. ती त्याच्यासाठी थांबली नाही, आणि तिला थांब म्हणायचं धाडस त्याने केलं नाही.