बदकाची सुनावणी

व्यापारचिन्हांची अपिलं ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाची रचना भल्याभल्यांच्या डोक्यावरून जाते. साबणवालीला मात्र ती आता तोंडपाठ झाली होती. खंडपीठावर दोन सदस्य लागतात, एक कायद्याचा आणि एक तांत्रिक. एकट्यानं सुनावणी घ्यायची नाही. कायदेसदस्य हजर असले की तांत्रिक जागा रिकामी, ती भरावी तर हे परिषदेला गेलेले, अशी लपाछपी बरेच महिने चालली. शेवटी तांत्रिक सदस्य नेमले गेले, तर ज्या अधिकाऱ्यानं तिचा अर्ज फेटाळला होता, तेच नेमके बढती मिळून वर आलेले. स्वतःच्याच निकालावरचं अपील स्वतः ऐकता येत नाही. ते खुर्चीवरून उठले आणि चहा प्यायला गेले.

अर्ज होता बदकाच्या चित्राचा. साबणवाली आणि तिची धाकटी बहीण मिळून घराच्या मागच्या खोलीत साबण करायच्या. वेष्टणावरचं बदक धाकटीनं काढलं होतं. मान आखूड, पोट सुटलेलं, एक डोळा दुसऱ्याच्या दुप्पट. काढता काढता तिला इतकं हसू फुटलं की शेपटीची रेघ भलतीकडेच गेली. आता धाकटी नव्हती, बदक तेवढं उरलं होतं. आणि एका मोठ्या कंपनीचं म्हणणं असं की ते त्यांच्या राजहंसासारखं दिसतं. अपील हरलं तर बदक प्रत्येक वडीवरून उतरवावं लागणार होतं. वकिलानं सुरुवातीलाच सुचवलं होतं, बदकाऐवजी कोंबडी घाला आणि मोकळ्या व्हा. साबणवालीनं त्याच्याकडे असं काही पाहिलं की कोंबडीचा विषय पुन्हा निघाला नाही.

अखेर शेजारच्या पेटंट खंडपीठावरून एक तज्ज्ञ उसने आणले गेले. त्यांची उभी हयात पाण्याच्या पंपांत गेली होती. त्यांनी पट्टी काढून दोन्ही पक्ष्यांच्या माना मोजल्या आणि त्या कुठे वाकतात ते टिपून घेतलं. मग म्हणाले, मापं झाली, पण गिऱ्हाईक फसेल की नाही हा कायद्याचा प्रश्न आहे. कायदेसदस्य म्हणाले, चित्र आलं की प्रश्न तांत्रिक झाला. फाइल इकडून तिकडे सरकवण्यात सकाळ संपली. नियमावलीत दोघांची कामं इतकी चोख वाटून दिली होती की निकाल देणं कुणाच्याच वाट्याला आलं नव्हतं.

तेवढ्यात वकिलाला युक्ती सुचली. राजहंस कसा देखणा आहे, तो म्हणाला, आणि आमचं बदक इतकं बेढब की कुणी झोपेतसुद्धा फसणार नाही. दोन्ही सदस्यांचे चेहरे उजळले. अर्जदारानं एवढं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं की ठरवण्याची जबाबदारी कुणावरच राहत नव्हती. दोघंही सही करायला मोकळे.

कायदेसदस्य अगदी मायेनं म्हणाले, "बाई, चित्र वाईट आहे, एवढंच म्हणा."

वकील तिला कोपरानं ढोसत होता. साबणवालीनं तोंड उघडलं, पण तो शब्द काही केल्या बाहेर येईना.

"नाही," ती म्हणाली. "छान आहे ते. माझ्या बहिणीनं काढलंय."

कायदेसदस्यांनी सुस्कारा सोडला आणि टंकलेखिकेला मजकूर सांगायला घेतला. अर्जदाराच्याच म्हणण्यानुसार तिचं चित्र छान आहे, राजहंस तर छान आहेच, सबब दोन्ही सारखी. पंपवाल्यांनी मान डोलावली. अपील फेटाळलं गेलं.

जिन्यात वकील तिच्यावर उखडला. एका शब्दाचं काम होतं, तेवढा उच्चारायला काय धाड भरली होती? बहीण काय ऐकायला येणार होती का?

"तीच यायला हवी होती," साबणवाली म्हणाली. "ती खदाखदा हसून म्हणाली असती, वाईट आहे हो साहेब, फार वाईट आहे. आणि बदक घेऊन घरी आली असती. मलाच मेलीला जमलं नाही."

मग ती तिथंच पायरीवर बसली आणि बहीण गेल्यावर जितकी रडली नव्हती, तितकी रडली.