एका शब्दाची तीन घरं

लातूर जिल्हा नवा झाला आणि त्याच सुमारास पावसानं पाठ फिरवली. अहमदपुरात दुपारभर धूळ तरंगायची आणि आमचे हे, इंग्रजीचे निवृत्त मास्तर रेणुकादास, अंगणात निंबाखाली बाजेवर पडून शब्दांची स्वप्नं बघायचे. घरात पाण्याचे वांधे आणि ह्यांना युरोपची हवा!

त्या दुपारी माझं डोकं फिरलं होतं. आमच्या लतानं सांगितलं, लग्न करीन तर शेजारच्या नीलाबाईंच्या सिद्धेश्वरशीच. ते लिंगायत, आम्ही ब्राह्मण. मी ओरडले, "त्या घरात गेलीस तर विष घेईन!" लता आत जाऊन पेटी भरू लागली. संध्याकाळच्या एसटीनं ती नांदेडला मावशीकडे निघणार होती, तीही कायमची.

हे डोळे मिटूनच म्हणाले, "सरोजिनी, विषाला जर्मन लोक गिफ्ट म्हणतात."

"म्हणोत मेले!"

"इंग्रजांची गिफ्ट म्हणजे भेट. स्वीडनमध्ये तोच शब्द म्हणजे लग्न झालेला, आणि विषही. मूळ एकच, देणं. जर्मनही आधी भेटच म्हणायचे. पुढं तो शब्द औषधाच्या मात्रेला लागला, मग विषाला."

निंबाची सावली हलत होती. मला वाटलं, तो शब्द उन्हातून पायी चाललाय आणि ज्याच्या ओसरीवर टेकतोय त्याच्यासारखा होतोय. क्षणभर रागच विसरले.

घशाला कोरड पडली म्हणून सोवळ्याच्या घागरीतलं पाणी घेतलं. नीलाबाईंच्या विहिरीचं पाणी भिंतीवरून रोज यायचं, पण ते मी धुण्याभांड्यालाच वापरी. प्यायला आणि देवाला मात्र टँकरचं. ते पाणी हे पहाटे चौकातून आणत.

"टँकर दोन महिने आलेला नाही," हे म्हणाले.

"मग ही घागर?"

"नीलाबाईंच्याच विहिरीची. त्या म्हणाल्या, 'मास्तर, बाईला सांगू नका. लई मानी हायेत, तहानेल्या ऱ्हातील.'"

पेला हातातच राहिला. दोन महिने मी त्यांचंच पाणी पीत होते, आणि त्यांच्याच घराचं नाव घेऊन विष घेईन म्हणाले होते. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती. पाणी पिऊन टाकलं आणि लताच्या खोलीत गेले. ती पेटीला कुलूप लावत होती.

"राहू दे ते," मी म्हटलं. "आधी माझ्याबरोबर नीलाबाईंकडे चल. मला त्यांच्यासमोर बसून पाणी मागायचंय."