मूठभर जुना कापूस

मी एक जुनी धनुकली आहे. बाण सोडणारी नव्हे, मित्रांनो. पिंजाऱ्याची, कापूस पिंजणारी. दिग्रसच्या रहमतनं मला घडवून घेतलं, आतड्याची ताणलेली दोरी, म्हणजे तात, चढवली आणि खांद्यावर टाकून गावोगाव हिंडवलं.

तरुणपणी त्याला आपल्या हाताच्या वेगाची मोठी घमेंड होती. खरं सांगायचं तर मलाही होती. एकदा रुखमाबाई नावाच्या विधवेनं जुनी गादी पिंजायला दिली. कापूस पिवळा पडून त्याचे गोळे झाले होते. रहमतनं तो उकिरड्यावर फेकला, पदरचा पांढराशुभ्र कापूस भरला आणि शाबासकीची वाट पाहत उभा राहिला. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. रुखमाबाई गादी चाचपत म्हणाली, "बाप्पा, त्या कापसावर त्यायनं तीस वर्षं पाठ टेकली होती. आता मी कायवर झोपू?"

रहमत उकिरड्याकडे धावला. कुणीतरी तो पेटवून दिला होता.

तेव्हापासून गादी उसवण्याआधी तो विचारायचा, यावर कोण झोपत होतं? मग नव्या गादीत जुन्यातला मूठभर कापूस घालायचा. केस पिकले तसा त्याचा हात मंदावला आणि कान मोठे झाले. बाया आपल्या वारलेल्या माणसांविषयी त्याच्यापाशी बोलत. तो ऐकत राही. लोक त्यालाच शोधत येऊ लागले.

पुढं कापसाची वाईट वर्षं आली. नवी गादी भरायची ऐपत फार थोड्यांची उरली, आणि त्यांनीही फोमच्या गाद्या आणल्या. मी खुंटीवर गेले.

गेल्या वर्षी रहमतची बायको कमरुन्निसा वारली. मुलगा फिरोज लोहारा गावच्या कारखान्यात कामाला आहे. बापाची पाठ दुखते म्हणून त्यानं मायेनं फोमची गादी आणली, आणि आईची जुनी गादी कचऱ्याच्या गाडीत टाकून दिली.

रहमत नमाजहून परतला. नव्या गादीवर त्यानं हात ठेवला आणि जुनी कुठं आहे, असं विचारलं.

"अब्बा, तो कापूस तर सडला होता," फिरोज म्हणाला. "याच्यावर तुमच्या पाठीले आराम पडन." तोही शाबासकीची वाट पाहत उभा होता.

"चांगली आहे," रहमत म्हणाला.

पोरगा गेल्यावर तो माझ्याजवळ आला. कमरुन्निसाची गादी त्यानं माझ्यावरच पिंजली होती. एखादा धागा अडकला असेल म्हणून त्यानं माझी तात बोटांनी चाचपली. पण तो मला नेहमी स्वच्छ पुसून ठेवायचा. माझ्यावर काहीच नव्हतं. मला रडू आलं.

"साऱ्या दिग्रसले इचारत फिरलो," तो म्हणाला. "पोराले मात्र सांगितलंच नाही."

मित्रांनो, घरातलं जुनं काही टाकण्याआधी म्हाताऱ्यांना एकदा विचारा. आणि तुमच्या घरातल्या म्हाताऱ्यांना माझा निरोप द्या, की पोरं विचारतील म्हणून वाट पाहू नका. रहमत आता त्याच फोमच्या गादीवर झोपतो, पोराला वाईट वाटू नये म्हणून.