अर्जुनाच्या फाईलमधला डोस

"दुसऱ्याच्या फाईलवर काम करायचं तर आधी सेव्ह ॲज करा आणि नाव बदला," असं जयराज सरांनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. "नुसतं सेव्ह दाबलं, तर वहिनी, शेजारणीच्या पातेल्यात आपलं कालवण ओतल्यासारखं हुतंय. तिचंबी गेलं, आपलंबी गेलं." सगळ्या हसल्या. मी हसले नाही, वहीतही लिहून घेतलं नाही. मी बी.एस्सी. झालेली. एवढं काय लिहून घ्यायचं, असं मला वाटलं.

मी प्रीती, राहायला कुंडलला. शाळेत क्लार्कची जागा निघेल म्हणून इथल्या कॉम्प्युटर क्लासला जात होते. सहा वर्षांची ब्राह्मी माझ्याबरोबरच यायची, कारण तिला झटके येतात आणि ती माझ्या नजरेआड झाली की मला काही सुचत नाही.

क्लासमध्ये दोघींत एक मशीन. माझ्या जोडीला राहीबाई, वय पंचेचाळीसच्या आसपास, आटपाडीकडच्या एका वस्तीवर अंगणवाडीत मदतनीस. सर्टिफिकेट मिळालं तर सेविका होता येईल म्हणून तीन महिने भावाकडे, मानसिंगकडे येऊन राहिल्या होत्या. लेक पुण्याला कंपनीत, म्हणून तिचा अकरा महिन्यांचा अर्जुना यांच्याच काखेत. आणि अर्जुनालाही झटके. सांगलीचा डॉक्टर तोच, औषधाची गोड लाल बाटलीही तीच. आमची ओळख कीबोर्डवर झाली नाही, त्या बाटलीवरून झाली.

मला टाईप करायला त्यांच्यापेक्षा लवकर आलं, पण टेबल काढणं जमेना. रकाने वाकडे व्हायचे, ओळ एकदम पुढच्या पानावर जायची. राहीबाई सर सांगतील तेवढंच करायच्या, म्हणून त्यांचं सरळ यायचं. त्यांनी अर्जुनाच्या औषधाचा तक्ता केला होता. वर नाव, खाली वार, वेळ, किती द्यायचं, दिलं का. सोमवार ते रविवार, सकाळ-संध्याकाळ, चौदा ओळी. डॉक्टरांनी डोस एकवरून दीड मिली केला होता आणि तो सोमवारपासून सुरू करायचा होता.

"घरी फौजी देणार औषध," त्या म्हणाल्या. फौजी म्हणजे त्यांचे मालक आकाराम, पलटणीतून रिटायर झालेले. "मी सांगितलं तर धा प्रश्न इचारत्यात. कागदावर असलं की एक न्हाई. कागद म्हंजे त्यांना साहेबाची ऑर्डर."

मलाही ब्राह्मीसाठी असाच तक्ता हवा होता. मागितला असता तर त्यांनी आनंदानं शिकवला असता. पण मी बी.एस्सी. होऊन, बारावीवर थांबलेल्या बाईला कसं विचारायचं?

गेल्या गुरुवारी सरांनी फाईंड आणि रिप्लेस शिकवलं. राहीबाई अर्जुनाला झोपवायला बाहेर गेल्या तेव्हा मी त्यांची फाईल उघडली. शोधायचं १.५, त्या जागी ६, कारण ब्राह्मीचा डोस सहा मिली. रिप्लेस ऑल दाबलं. चौदा ठिकाणी बदल झाला म्हणून खिडकी आली. मला केवढा आनंद झाला. आता वरचं नाव बदलायचं, एवढ्यात कडेला बघितलं तर ब्राह्मीचा खडू कागदावर थांबलेला. मान एका बाजूला. सेव्ह करायला कंट्रोल आणि एस एकदम दाबायची तोवर बोटांना सवय झाली होती. दोन्ही बटणं दाबली आणि मी धावले.

दोन मिनिटांचा झटका होता. त्यानंतर त्या दिवशी मी मशीनकडे बघितलंही नाही. शुक्रवारी तीच फाईल उघडली, अर्जुनाच्या जागी ब्राह्मी लिहिलं आणि आता मात्र शहाण्यासारखं सेव्ह ॲज केलं. माझी प्रिंट बरोबर आली. राहीबाईंच्या फाईलमध्ये मागं काय राहिलं, याचा विचार माझ्या डोक्याला शिवलासुद्धा नाही. तिथं नाव अर्जुनाचं होतं आणि डोस ब्राह्मीचा.

आज सोमवार. ब्राह्मीनं तक्त्यावर पाणी सांडलं म्हणून दुपारी बारा वाजता दुसरी प्रिंट काढायला क्लासमध्ये गेले. यादीत 'अर्जुना औषध' दिसलं. मागच्याच आठवड्यात पोरगं माझ्या मांडीवर होतं, म्हणून सहज उघडलं. सकाळी ८, ६ मिली. संध्याकाळी ८, ६ मिली. खालपर्यंत सहा, सहा, सहा.

सरांना विचारलं, राहीबाईंनी प्रिंट घेतली का? शनिवारी घेतली, म्हणाले, आणि लॅमिनेशनपण करून घेतलं, भिंतीवर टिकावं म्हणून. न वाचता घेतली असणार. स्वतः केलेलं कोण वाचतंय? क्लास संपवून वस्तीवर परत जाताना मला म्हणाल्या होत्या, "आता कागद फौजीच्या हातात दिला की मी मोकळी बघ, पोरी."

डोस वाढणार हे फौजींना माहीत आहे. एकाचा सहा झाला तरी त्यांना वाटेल, डॉक्टरांनी वाढवलाय. औषध पाजायची पिचकारी पाच मिलीची आहे, एवढ्याशा पोराला ती भरून वर आणखी द्यायचं म्हटल्यावर हात थांबेल, असं मी स्वतःला सांगते. मग ऑर्डर आठवते.

राहीबाईंचा फोन बंद. फौजींकडे फोन नाही. मानसिंग ट्रक घेऊन कर्नाटकात गेलेत, रिंग जाते, उचलत नाहीत. त्यांच्या घराला कुलूप. पुण्याच्या लेकीचा नंबर इथं कुणाकडे नाही. क्लासच्या फॉर्मवर राहीबाईंचा पत्ता भावाचाच आहे. तीन महिने मांडीला मांडी लावून बसले आणि वस्तीचं नाव मी एकदाही विचारलं नाही. आटपाडीच्या पुढं जीपनं जायचं, पाण्याची निळी टाकी, मागं डाळिंबाची बाग, एवढंच बोलण्यात आलेलं.

सांगलीला डॉक्टरांकडे फोन लावला. मी घाबरत सगळं सांगितलं. ते म्हणाले, "सकाळचा गेला असेल तर पोर गुंगीत असेल. शांत झोपलंय म्हणून झोपू देतील, तेच नको. उठवून बघायला सांगा, श्वास बघायला सांगा, आणि बाटली घेऊन जवळच्या दवाखान्यात. रात्रीचा डोस अजिबात नको."

कुणाला सांगू? माझे मालक भरतेश साडेबाराला गाडी काढून निघाले. माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाले, "टाकी निळी ना? नक्की?" तीन वाजता आटपाडीतून फोन आला की निळ्या टाक्या चार सांगतात आणि चारी चार दिशांना. पहिलीकडे निघालो, म्हणाले. त्यानंतर त्यांचाही फोन लागत नाही.

क्लासच्या ग्रुपवर, शाळेच्या, महिला मंडळाच्या, सगळ्या ग्रुपवर मी चार ओळी टाकल्या. एकीनं हात जोडलेलं चित्र पाठवलं. एकानं विचारलं, हा मेसेज जुना आहे का, मागच्या वर्षी पण असाच आलेला. म्हणून आता क्लासच्या मशीनवर बसून हे सगळं पहिल्यापासून लिहितेय, माझी चूक माझ्या नावानिशी. ब्राह्मी शेजारी आहे. सर म्हणाले, हे ते आटपाडीतल्या ओळखीच्या प्रत्येकाला पाठवतील. साडेचार वाजलेत. फौजी आठच्या ठोक्याला पिचकारी भरतील.

तुम्ही आटपाडीच्या आसपास असाल, किंवा तिकडं तुमचं कुणी असेल, तर अंगणवाडीच्या राहीबाई कुठं राहतात ते विचारा, फौजी आकारामांचं घर विचारा. निळी टाकी दिसली तर गाडी थांबवा. घरातलं कुणी म्हणेल, पोरगं मगाशीच झोपलंय, आवाज करू नका. त्यांचं ऐकू नका. आत जा, अर्जुनाला नावानं हाक मारा, तळपायाला चिमटा काढा, आणि तो डोळे उघडतो का ते बघा.